भित्रा विमानवाला

"मी भित्रा आहे," असं पहिल्याच भेटीत आपणहून सांगणारा माणूस मला आयुष्यात एकदाच भेटला, आणि तो विमान चालवायचा.

साठ सालानंतरची गोष्ट. नंदुरबार तेव्हा नुसता तालुका होता, जिल्हा धुळे. सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठावर माझं सासर. त्या साली कापसावर अशी काही अळी पडली की पंप पाठीवर घेऊन फवारणारी माणसं थकली आणि अळी काही थकेना. तेव्हा सोसायटीनं आणि शेतकी खात्यानं मिळून ठरवलं की औषध विमानानं मारायचं. मुंबईच्या एका कंपनीकडे त्यासाठी विमानं होती. चालवायला माणसं नव्हती. प्रवासी विमानांच्या कंपन्यांनाच त्या वेळी पायलट पुरत नव्हते. देशातले शिकलेले होते नव्हते ते सगळे त्यांनी मोठे पगार देऊन ओढून घेतले होते, तरी भागेना म्हणून त्यांनीसुद्धा परदेशी आणले होते. मग आमच्या कापसावर घिरट्या घालायला कोण येणार? कंपनीनं हंगामापुरता एक माणूस थेट न्यूझीलंडहून मागवला.

हे सगळं गावाला समजावून सांगताना शेतकी साहेबाच्या तोंडाला फेस आला. आमचे सासरे, म्हणजे आबा, त्यांनी ते खुरपणीच्या मजुरांवर नेऊन एका वाक्यात संपवलं. "निंदाले मानसे पुरत नहीत तं आपुन डोंगरमाइन आनतस ना? तसा हाऊ इमानले आनेल शे."

विमान उतरायला सपाट, मुरमाड जागा लागते. ती आबांची होती, नदीच्या अंगाला पडीक पडलेली. म्हणून विमान आमच्या रानात आलं. आणि विमानवाला आमच्या घरात आला, कारण त्यानं शहाद्याच्या बंगल्यात राहायला साफ नकार दिला. ज्या शेतावर उडायचं त्याच्या शेजारीच झोपायचं, असा त्याचा नियम होता. असे त्याचे पुष्कळ नियम होते. कंपनीचा मेकॅनिक मात्र विमानाजवळ तंबू ठोकून राहिला. तो मद्रासकडचा, त्याला ना हिंदी यायची ना आमची बोली. त्यामुळे तो सुखी होता.

विमानवाला उंच, थोडा पोक काढून चालणारा, कान उन्हानं सोललेले. वय चाळिशीपुढचं असावं. ओट्यावर टेकला आणि पहिलंच वाक्य बोलला, की मी या धंद्यातला सर्वांत भित्रा माणूस आहे, तुम्ही सांभाळून घ्या. हे त्यानं इतक्या अभिमानानं सांगितलं की भाषांतर करताना मलाच लाज वाटली.

भाषांतर मी केलं. त्या घरात इंग्रजी येणारी मी एकटीच. माझे वडील रेल्वेत होते, मी मॅट्रिक झालेली. लग्न ठरवताना माझं मॅट्रिक दोषांच्या बाजूला धरलं गेलं होतं आणि त्याची भरपाई म्हणून माझ्या गोऱ्या रंगाचा उल्लेख झाला होता. आमचे हे शहाद्याला नोकरीला, शनिवारी घरी यायचे. आणि आमच्या घराण्यातली रीत अशी की सून सासऱ्यासमोर बोलत नाही. डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत, आणि आवाज तर नाहीच. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पदरात एक मुलगी होती, तरी आबांनी माझा आवाज कधी ऐकलेला नव्हता. घरात मी भांडी आपटली तर तेवढीच माझी वाणी त्यांच्या कानावर जायची.

मग बोलणं कसं व्हायचं? विमानवाला ओट्यावर बसून इंग्रजीत बोलायचा. मी दाराच्या आत उभी राहून ते ऐकायची आणि हळू आवाजात अहिराणीत जिजींना सांगायची. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्या उंबऱ्यावर बसून ते मोठ्यानं आबांना सांगायच्या. आबांचं उत्तर याच वाटेनं उलटं परत जायचं, आणि ते ऐकायला विमानवाला दाराशी कान आणायचा, म्हणजे मला नुसतं कुजबुजून भागायचं. आबा आणि विमानवाला हातभर अंतरावर बसलेले असत, आणि त्यांचं बोलणं आमच्या माजघरातून फिरून येत असे.

या फेऱ्यात बोलण्याचं काय व्हायचं ते आम्हां दोघींनाच माहीत. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "ही चटणी माणसांसाठी आहे की अळीसाठी?" मी जिजींना म्हटलं, त्यांना तिखट जरा जास्त वाटतंय. जिजींनी आबांना सांगितलं, "जेवन बहु आवडनं म्हने." आबा खूश होऊन म्हणाले, "मंग त्या लालतोंड्याले आनखी वाढ." जिजी मला म्हणाल्या, पाहुण्याला वाढ. मी त्याला सांगितलं, तुम्ही आमच्या घरी आलात याचा आबांना फार आनंद झालाय. त्यानं उठून आबांना वाकून नमस्कार केला आणि आणखी चटणी खाल्ली. त्या दोघांची मैत्री आम्ही सासू-सुनेनं केली, आणि दोघांनाही शेवटपर्यंत वाटत राहिलं की समोरचा माणूस फार गोड बोलतो.

खायच्या बाबतीत त्याचं सगळं उफराटं होतं. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी तो चहात बुडवून खायचा. वांग्याच्या भरतावर गूळ किसून घ्यायचा. जिजींनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्या तोंड फिरवून आत गेल्या. पण आठवड्याभरात त्याच्या भरताच्या ताटात आपणहून गुळाचा खडा ठेवू लागल्या. "त्यानी माय अठे नही," म्हणाल्या. 

जिजींचं आणि त्याचं खरं सूत जमलं ते चुलीवरून. विमानातून औषध मारायचं तर वारा पडलेला लागतो, नाहीतर औषध भलत्याच्या शेतावर जातं. मेकॅनिकनं वारा बघायला काठीला कापडाची पिशवी लावली होती. तिच्यावर याचा विश्वास नव्हता. तो पहाटे अंगणात उभा राहून आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छपरावर येणारा धूर बघायचा. धूर सरळ वर गेला तर उडायचं, वाकला तर आणखी एक कप चहा. जिजींना हे कळल्यापासून त्यांची चालच बदलली. नदीवर धुणं धुताना त्या बायांना सांगायच्या, "मी चूल पेटावस तवय इमान उडस." आणि ते खोटं होतं असं कुणाला म्हणता येत नव्हतं. एकदा त्यांना ताप आला नि चूल उशिरा पेटली, तर सोसायटीचे चेअरमन स्वतः दाराशी येऊन विचारून गेले.

आबांचं मात्र त्याच्या भित्रेपणावरून पहिल्या दिवसापासून बिनसलेलं होतं. आबा घोड्यातले. सारंगखेड्याच्या यात्रेत कुणाला घोडं घ्यायचं असलं की आबांना सोबत न्यायची पद्धत होती. माणूस असो वा जनावर, त्यांना पाणीदार लागायचं. ते म्हणायचे, भित्र्या माणसाच्या हाती लगाम गेला की घोडं बिघडतं. विमान आलं त्या दिवशी आबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, पाठीवर थाप द्यावी तशी पत्र्यावर थाप दिली, खाली वाकून चाकं बघितली आणि गंभीरपणे विचारलं, "खोड काय शे याले?" यात्रेतला हा पहिला प्रश्न. मी तो जिजींच्या आडून शब्दशः पुढे पोचवला. विमानवाल्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "आजवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं. डावीकडे ओढतं, आणि उन्हात रुसतं." आबांनी मान हलवली. जनावराची खोड न लपवणारा माणूस, म्हणून थोडासा मान त्याला मिळाला. पण थोडासाच. रात्री जेवताना आबा पुटपुटलेच, "घोडं चांगलं शे. वर बसनारा भित्रा."

गावातल्या इतरांनी त्याला कधी आपलंसं केलं तेही सांगते. गावाबाहेर ठेलाऱ्यांचा वाडा उतरला होता, मेंढरं घेऊन फिरणारी माणसं. वारा पडेना म्हणून कंटाळून हा फिरत तिकडे गेला. तिथं लोकर कातरणं चाललं होतं. हा थोडा वेळ बघत उभा राहिला, मग एकदम पुढे होऊन त्यानं एक मेंढी धरली, माणसासारखी ढुंगणावर बसवली, आपल्या दोन गुडघ्यांत तिचं अंग अडकवलं आणि कातर मागून घेतली. मेंढी गप्प. लोकर सदऱ्यासारखी एका तुकड्यात खाली उतरली. त्याच्या देशात म्हणे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आणि त्याचा बाप मेंढपाळच. ठेलाऱ्यांचा म्हातारा ते बघून म्हणाला, "हाऊ तं आपलाच शे. पाखरू कसा व्हयना?" त्या दिवसापासून गावात कुणी त्याला साहेब म्हटलं नाही.

आता झेंड्यांची गंमत. विमानाला कुठल्या शेतावर औषध मारायचं ते वरून कळावं म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना पांढरं निशाण धरून माणूस उभा करायचा. विमान एक पट्टा मारून गेलं की तो चार पावलं सरकायचा. ज्यांनी सोसायटीत नाव दिलं होतं त्यांच्याच शेतावर निशाण. पण गाव ते गाव. दुसऱ्या दिवशी पहाटे विमानवाला वर गेला आणि बघतो तो तापीपासून रस्त्यापर्यंत सगळीकडे पांढरं. कुणी धोतर बांबूला बांधलेलं, कुणी चादर, एकानं तर लग्नातला फेटा. एक म्हातारी आपल्या परसातल्या भेंडीच्या चार झाडांसाठी पांढरं लुगडं हलवत उभी होती. त्यानं दोन चकरा मारल्या आणि औषध तसंच घेऊन खाली उतरला. आम्हांला वाटलं, आता चिडणार. तो पोट धरून हसत होता. म्हणाला, "मला वाटलं गावानं माझ्यापुढे शरणागती पत्करली."

पण त्यानंतर त्यानं सगळ्या निशाणवाल्यांना एकत्र बोलावून शिकवण दिली, आणि ती देताना हसला नाही. निशाण उभं म्हणजे ये. निशाण आडवं म्हणजे हे शेत नाही. आणि दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले तर काहीतरी घात आहे, आहे तिथं थांब. ही खूण लहान पोरानं केली तरी मी थांबेन, का ते विचारणार नाही, आणि खोटी निघाली तरी रागावणार नाही, असं त्यानं मला सांगितलं. मी ते जिजींना, जिजींनी गावाला. पुढे दोन दिवस पोरं एकमेकांना फुल्या दाखवत फिरत होती.

त्याचा सगळ्यात वेडा नियम म्हणजे त्याचा प्रश्न. रोज पहाटे उडायच्या आधी तो ओट्यावर येऊन आबांना विचारायचा, "कालपासून नवीन काय?" त्याला म्हणायचं असे की कुठे नवा खांब, नवं खोपटं, झाडाची तोडलेली फांदी, असं काही कालपासून उभं राहिलंय का. कापसाच्या अगदी डोक्यावरून तो उडायचा. तिथं नवी गोष्ट म्हणजे मरण. एरवी तो स्वतः पहाटे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अनवाणी शेताला चक्कर मारायचा, झाडांना हात लावून यायचा. तरीही प्रश्न चुकवायचा नाही. पण आबांना हा प्रश्न चौकशीचा वाटला. घरी आलेला माणूस विचारतो, काय नवीन, तर त्याला काय सांगतात? अमक्याची म्हैस व्याली. तमक्याच्या पोरीचं जमलं. नाल्याकडच्या दोन भावांची पुन्हा जुंपली. आबा रोज इत्थंभूत सांगायचे, आणि आम्ही रोज पुढे पोचवायचो.

मी त्याला एकदा म्हटलं, आबांना तुमचा प्रश्न नीट समजलेला नाही, मी समजावू का? तर म्हणाला, "नको, नको. मी खांबांबद्दल विचारलं तर ते खांबांबद्दलच सांगतील. सगळं सांगू देत." मग म्हणाला की त्याच्या जवळच्या मित्रानं तारेत अडकून जीव गमावला होता. ती तार कुणाला माहीत नव्हती असं नाही. सगळ्यांना माहीत होती, सांगण्यासारखी कुणाला वाटली नाही. हे मी जिजींना सांगितलं नाही. तेवढं एकच बोलणं साखळीत पुढे गेलं नाही, कारण तो ते बोलताना खाली बघत होता आणि ते आबांसाठी नव्हतं.

हंगाम संपल्यावर तो गेला. दोंडाईच्याला गाडीत बसला, मेकॅनिक विमानाचे पंख सोडवायला मागे राहिला. पुढच्या साली कंपनीनं आपल्याकडचे दोन तरुण तयार करून पाठवले, चुणचुणीत पोरं, बंगल्यात राहायची. परदेशी माणूस मागवायची गरज पडली नाही आणि तो पुन्हा आला नाही. ते औषध चांगलं होतं की वाईट, तेही पुढे कळत गेलं. त्या साली अळी मेली, आणि बांधावरच्या मधमाश्याही गेल्या. तेव्हा आम्हांला फक्त अळी दिसत होती.

पण तो आठवला की मला यातलं काहीच आधी आठवत नाही. आठवते ती एक सकाळ, आणि अजूनही ती आठवली की हायसं वाटतं, जणू आत्ताच टळलं.

ज्वारीची कणसं दुधावर आली होती. त्या पहाटे आबांची काळी घोडी व्याली. कपाळावर पांढरा टिळा असलेलं शिंगरू. आबा आनंदानं वेडे व्हायचे बाकी होते. विमानवाल्यानं ओट्यावर येऊन नेहमीचा प्रश्न विचारला आणि आबांना तोंडभर उत्तर सापडलं. तेवढ्यावर न थांबता त्यांनी त्याचा हात धरला आणि त्याला कंदील घेऊन गोठ्याकडे नेलं. तिथं शिंगरू उभं राहून पडे, पडून उभं राही, ते बघण्यात बराच वेळ गेला. जिजींच्या चुलीचा धूर काठीसारखा सरळ गेला होता. वारा फार वेळ पडलेला राहत नाही. त्यामुळे त्या दिवशी विमानवाल्याची शेतातली चक्कर राहिली, आणि तो गोठ्यातूनच सरळ विमानाकडे गेला. आबाही त्याच्यामागे गेले. जिजी घोडीसाठी गुळाचं पाणी करून गोठ्यात जाऊन बसल्या.

मी मुलीची वेणी घालत होते. एवढ्यात आमच्या सालदाराची बायको परसदारी आली. म्हणाली, "वहिनी, रिकामा डबा शेतस का आनखी? कालदिन नेयेल कमी पडनात."

"कशाले?" मी विचारलं.

"तारले बांधाले. आबासनी काल दिन बुडता तार ताणाले सांगी व्हती. लिंबडापाइन बाभूयपावत. दोरी वढी का डबा वाजतस, पाखरे उडी जातस. आर्धी तार बिनडबानीच ऱ्हायनी."

ज्वारीवर पाखरं पडली होती म्हणून आबांनी शक्कल लढवली होती, पीक उंच म्हणून तारही उंच ताणली होती. गावात तार बांधणं ही काही बातमी नव्हे. घोडी व्याल्यावर तर नाहीच. पण ते कडुलिंबाचं वावर म्हणजे आमचंच शेत, ज्वारीला लागून कापूस, आणि त्या दिवशी फवारणी त्याच कापसावर. डबे असते तर एखाद वेळी वरून चमकले तरी असते. जिथून तो आत शिरायचा तिथं नुसती तार होती.

नदीकडून इंजिनाचा आवाज आला. 

हिला पाठवू? ती जाऊन आबांना सांगणार, आबा कुणाला सांगणार? त्यांच्या साखळीच्या दोन्ही कड्या घरात होत्या, एक गोठ्यात आणि एक वेणी धरून बसलेली. मी मुलीला तिच्या हातात दिलं आणि निघाले.

गावदरवाजाच्या बाहेर मी कधी एकटी गेले नव्हते, पळत तर कधीच नाही. नऊवारी लुगडं, अनवाणी पाय, एका हातानं पदर हनुवटीशी धरलेला. वाटेतली माणसं काय म्हणाली मला आठवत नाही. पडीक रानाच्या कडेला चिंचेखाली पुरुष बसलेले, मध्ये आबा. विमान पलीकडच्या टोकाला तोंड फिरवून उभं होतं, पंखा फिरत होता. मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी सरळ रानात शिरले, विमानाच्या समोर. त्याची खूण मला माहीत होती, मीच तर ती गावाला पोचवली होती. पण ती दोन हातांची खूण होती. आणि माझा एक हात पदरात होता.

किती वेळ मी तशी उभी होते कोण जाणे. फार नसेल. विमान हललं. मी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली केली. पदर मागे गेला, खांद्यावरून घसरला, सगळ्या गावासमोर, सासऱ्यासमोर, डोकं उघडं. मी हात खाली घेतले नाहीत.

इंजिन बंद झालं. एवढा मोठा आवाज थांबल्यावर जी शांतता होते तिच्यात टिटवी ओरडलेली ऐकू आली. विमानवाला खाली उडी मारून चालत आला. का म्हणून त्यानं विचारलं नाही, नियमच होता त्याचा. मी इंग्रजीत म्हटलं, "आमच्या शेतात तार आहे. त्या लिंबापासून बाभळीपर्यंत. काल संध्याकाळी बांधली." त्यानं विचारलं, केवढी उंच? मी हातानं दाखवलं. त्यानं त्या दिशेनं बराच वेळ बघितलं. मग तो विमानाच्या चाकाला टेकून जमिनीवरच बसला. त्याचे सोललेले कान पांढरे पडले होते. थोड्या वेळानं म्हणाला, "शिंगराची बातमीही चांगलीच होती."

आबा उठून आमच्याकडे आले होते. त्यांनी सवयीनं मागे वळून बघितलं. जिजी नव्हत्या. बाजूला बघितलं. मेकॅनिक होता, त्याचा काही उपयोग नव्हता. शेवटी विमानाच्या पंखाकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "काय सांगं तिनी त्याले?"

पंख काही बोलला नाही. चिंचेखालचे पुरुषही नाही. मी जमिनीकडे बघत म्हटलं, "आबा, लिंबडाना वावरमा तार शे. काल दिन बुडता बांधेल."

"कोनी बांधी?"

"तुम्हीच सांगेल व्हतं."

माझा आवाज त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो असा. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. आबा उभेच. सालदार लगबगीनं म्हणाला, "मी तोडी येस, आबा." आबा म्हणाले, "नको. मी बांधाले सांगी, मीच तोडसू." आणि ते मेकॅनिकची पक्कड घेऊन स्वतः गेले. त्या वयात आबांना इतकं भरभर चालताना मी पाहिलं नव्हतं.

परत आले तेव्हा तारेचं वेटोळं त्यांच्या खांद्यावर होतं, दोन-तीन डबे त्याला लोंबत खुळखुळत होते. ते त्यांनी विमानवाल्याच्या पायाशी टाकलं. मग माझ्याकडे वळले. पंखाकडे नाही, माझ्याकडे.

"त्याले सांग," आबा म्हणाले, "मानूसनी घाबराले पाहिजे. मी बी आज घाबरनू."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. एक अक्षर गोड केलं नाही. विमानवाला उठला, त्यानं आबांच्या हातात हात दिला. त्याला भाषांतर लागलं नाही.

धूर अजून सरळ होता. तो लिंबापासून बाभळीपर्यंत पायी फिरला, दोन्ही झाडांना हात लावून आला, आणि विमानात चढला. माझं काम संपलं होतं. मी पुरुषांकडे पाठ करून घराकडे निघाले.

"थांब," आबांचा आवाज आला. "तो उतरस तोवर अठेच ऱ्हाय. मधमा काही सांगनं पडनं तं मी कोनले बोलावू?"

चिंचेखालच्या माणसांनी सरकून जागा केली. मी बसले नाही, आबांच्या बाजूला उभी राहिले. विमान पळत सुटलं, उचललं गेलं, नदीवर वळलं आणि लिंबाच्या दिशेनं खाली खाली येऊ लागलं. तेव्हा कुठे मला माझं डोकं उघडं असल्याचं ध्यानात आलं आणि मी घाईघाईनं पदराकडे हात नेला.

आबा विमानावरची नजर न काढता म्हणाले, "ऱ्हाऊ दे. वर ध्यान दे."

मी वर पाहिलं. विमान त्या दोन झाडांच्या मधून गेलं, जिथं आता काही नव्हतं, आणि मागे पांढरा पट्टा सोडत कापसावरून पुढे निघून गेलं. मला एवढं हलकं वाटलं की मी आबांसमोर मोठ्यानं हसले.